उन्हात कोसळणारी माशी

काचेची नळी, आत डझनभर फळमाश्या, जनुकात बिघाड असलेल्या दोन वाणांच्या. नळी कोमट पाण्यात धरली की थोड्याच वेळात माश्यांचे पाय लुळे पडतात आणि त्या तळाशी कोसळतात. शेजारच्या नळीतल्या साध्या माश्या तेवढ्याच उष्णतेत काचेवर खुशाल चढत-उतरत असतात. नळी गार केली की कोसळलेल्यांपैकी एक वाण मिनिटा-दोन मिनिटांत उठून चालू लागतं. दुसरं वाण मात्र बराच वेळ निपचित पडून राहतं. पहिल्याचं नाव शिबिरे, दुसऱ्याचं कोमाटोज. पेशीच्या पोटात रेणूंची ने-आण कशी होते हे उलगडण्यात या दोन माश्यांचा वाटा मोठा आहे आणि दोघींचंही नातं मुंबईच्या कुलाब्याशी आहे.

पेशीला ने-आण करावी लागते, कारण तिच्या आत निरनिराळे कप्पे असतात. स्वादुपिंडातल्या पेशी इन्सुलिन तयार करतात ते एका कप्प्यात, त्यावर शेवटचे संस्कार होतात ते दुसऱ्यात, आणि ते हवं असतं पेशीच्या बाहेर, रक्तात. प्रत्येक कप्प्याभोवती मेदाचं पातळ पटल असतं आणि प्रथिनांना ते सहसा ओलांडता येत नाही. म्हणून पटलच एके ठिकाणी फुगतं, माल पोटात घेऊन त्याचा फुगवटा तुटून सुटा होतो, पुढच्या कप्प्यापर्यंत जातो आणि तिथल्या पटलात विरून माल आत सोडतो. या सुट्या फुग्याला पुटिका म्हणतात. चेतापेशीतली पुटिका जेमतेम ४० नॅनोमीटरची, म्हणजे एका मिलिमीटरच्या रांगेत अशा २५,००० बसतील.

यातला खरा पेच पत्त्याचा. बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर मोठमोठी गृहसंकुलं आहेत. तिथं सगळे टॉवर सारखेच दिसतात. डिलिव्हरीवाल्याला फाटकातून आत सोडतात ते टॉवर आणि फ्लॅटचा नंबर जुळल्यावरच. पुटिकेवरही एक प्रथिन असतं आणि मुक्कामाच्या पटलावर त्याला जुळणारी प्रथिनं असतात. जोडी जमली की ती एकमेकांना पीळ घालतात आणि दोन्ही पटलं इतकी जवळ ओढतात की ती एक होऊन जातात. या प्रथिनांना स्नेअर म्हणतात. पत्ता ओळखायला इतर प्रथिनांचीही मदत लागते, पण शेवटची गाठ मारतात ती स्नेअर.

धनुर्वाताचं विष घाव घालतं ते नेमकं इथंच. चेतापेशीच्या पुटिकेवरचं स्नेअर ते कापून टाकतं. स्नायूला आवर घालणारा संदेश पोहोचतच नाही आणि शरीर धनुष्यासारखं ताठ होतं. १९९२ साली हे उघड झालं. बाळंतपणात आई आणि नवजात बाळ दोघांनाही गिळणाऱ्या या रोगाचा कारभार एका प्रथिनाचे तुकडे करण्यावर चालतो, हे त्याआधी कुणाला ठाऊक नव्हतं.

आता कुलाब्याकडे. मूळचे उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे ओबैद सिद्दीकी ग्लासगोहून शिकून आले आणि होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६२ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. अणुशास्त्रज्ञांच्या त्या संस्थेत पुढे माश्यांच्या बाटल्या मांडल्या गेल्या. कॅलिफोर्नियातल्या सिमूर बेंझर यांच्याबरोबर सिद्दीकींनी १९७६ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या चेतासंस्थेत नेमकं काय बिघडतं, हा त्याचा विषय होता. कोमाटोज जगापुढे आली ती या निबंधातून. माशीत काहीतरी बंद पडतंय हे दिसत होतं. काय बंद पडतंय, ते कळायला आणखी एकोणीस वर्षं लागली.

मधल्या काळात अमेरिकेत रँडी शेकमन यीस्टमध्ये तसाच शोध घेत होते. ऊब वाढवली की ज्यांच्या आत पुटिका तुंबून राहतात असे यीस्ट त्यांनी वेचून काढले आणि त्यांतून २३ जनुकं हाती आली. जेम्स रॉथमन यांचा रस्ता वेगळा होता. त्यांनी पेशी फोडून परीक्षानळीत ही वाहतूक पुन्हा चालू केली आणि तिच्यासाठी लागणारं एनएसएफ नावाचं प्रथिन वेगळं काढलं. १९८९ मध्ये लक्षात आलं की शेकमन यांच्या जनुकांपैकी एक नेमकं हेच प्रथिन बनवतं. १९९५ मध्ये तिसरा धागा जुळला. कोमाटोज माशीतलं बिघडलेलं जनुकही एनएसएफचंच होतं!

पुटिका पटलात विरली तरी पीळ घातलेली स्नेअर तशीच अडकून राहतात. ऊर्जा खर्चून तो पीळ सोडवणं हे एनएसएफचं काम, म्हणजे स्नेअर पुन्हा वापरता येतात. कोमाटोजमध्ये उष्णतेने एनएसएफ ढेपाळतं. मोकळी स्नेअर संपत जातात, भरलेल्या पुटिका चेतापेशीच्या काठावर येऊन खोळंबतात, संदेश थांबतात आणि माशी पडते. यीस्ट आणि माशी यांचे पूर्वज सुमारे अब्ज वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी हा कारागीर दोघांनीही टिकवला.

पुटिकांच्या या वाहतुकीवरच्या शोधांसाठी शेकमन, रॉथमन आणि थॉमस सुडोफ यांना २०१३ चं नोबेल जाहीर झालं ऑक्टोबरमध्ये. सिद्दीकी त्याच वर्षी जुलैत बंगळुरूला वारले. त्या नोबेलची गोष्ट सांगताना कोमाटोजचं नाव घ्यायलाच हवं.

शिबिरेची कथा उलट्या दिशेची आहे. तिच्यात पुटिका पटलापासून तुटतच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या चेतासंधींत पुटिका संपलेल्या दिसतात आणि काठाच्या पटलावर मान आवळलेले, पण न सुटलेले फुगे लटकलेले असतात. १९९१ मध्ये कळलं की यात बिघडलेलं प्रथिन डायनामिन आहे. फुग्याच्या मानेभोवती ते वेटोळं घालतं आणि मान आवळून तोडतं. कुलाब्यातच के. एस. कृष्णन यांनी या माशीचा पाठपुरावा केला. डायनामिनला लागणारं इंधन पुरवणारं एक विकर त्यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवून दिलं. पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडिल यांनी पेशी बाजूलाच ठेवली. काचेवर मेदाच्या बारीक नळ्या ओढायच्या, त्यावर शुद्ध डायनामिन सोडायचं आणि नळी तुटताना डोळ्यांनी पाहायची, अशी त्यांची पद्धत. २०१८ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

सिद्दीकींनी बंगळुरूत उभं केलेलं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र सर्जापूर रोडपासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जीकेव्हीके या कृषी विद्यापीठाच्या आवारातल्या झाडीत आहे. तिथं सत्यजित मेयर यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की पटलावरची काही प्रथिनं डायनामिनची मदत न घेताच पुटिकेतून पेशीत शिरतात. ज्या कात्रीवाचून हे काम होत नाही असं वाटत होतं, तिला वळसा घालणारी वाट पेशीत होती.

माणसात डायनामिनची जी रूपं आहेत त्यांतलं एक मुख्यतः मेंदूत काम करतं. त्याच्या जनुकातले बदल काही तान्ह्या मुलांच्या तीव्र अपस्माराला कारण ठरतात, हे २०१४ मध्ये स्पष्ट झालं. औषधांना दाद न देणारे झटके येणाऱ्या बाळाची जनुकतपासणी होते तेव्हा प्रयोगशाळा जी जनुकं पाहते त्यांत आता हेही असतं.