गळाला लागलेला मासा कोणाचा?

हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर जलाशयाच्या काठावर, सेनगाव तालुक्यातल्या येलदरीच्या फुगवट्यावर किंवा कळमनुरीकडच्या इसापूर धरणावर गळ टाकून मासे धरणे ही अनेकांची आवडती हौस आहे. तिचा क्रम ठरलेला असतो. गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावायचा, तंगूस पाण्यात सोडायची, तरंगा बुडाला की झटका द्यायचा. मासा काठावर आला की त्याच्या कल्ल्यातून दोरी ओवून त्याला पुन्हा पाण्यात अडकवून ठेवायचे, म्हणजे तो घरी जाईपर्यंत ताजा राहतो. निघताना मासे ओल्या पोत्यात किंवा बर्फाच्या डब्यात जातात आणि घरी पोहोचल्यावर शेजारीपाजारी वाटा दिला जातो. यातल्या मासे धरण्याच्या भागावर खूप बोलले जाते. धरलेल्या माशाचे पुढे काय करायचे, यावर फारसे कोणी बोलत नाही. किती मासे जवळ ठेवावेत, कोणाला द्यावेत, कसे न्यावेत? हौशी मासेमारीने पाण्याचे नुकसान होते की नाही, हे माझ्या मते या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. म्हणून नियमाची गरजही तिथेच आहे.

आपले जुने कायदे पाण्याकडे पाहतात. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरवला. पुढे महाराष्ट्राचा 1960 चा मत्स्यव्यवसाय अधिनियम आला. मासे कसे आणि कुठे धरावेत, हा या कायद्यांचा मुख्य विषय. माशाच्या मालकीबद्दल न्यायालयांची भूमिका सर्वसाधारणपणे अशी राहिली आहे की मोकळ्या वाहत्या नदीतला मासा धरला जाईपर्यंत कोणाच्याच ताब्यात नसतो, तर बंदिस्त तळ्यातला मासा तळ्याच्या मालकाचा असतो आणि तो नेला तर ती चोरी होते. धरणाचा जलाशय या दोहोंच्या मधोमध येतो. तो दिसतो नदीसारखा, पण त्यातली मासेमारी ठेक्याने दिली जाते आणि ठेका घेणारी सहकारी संस्था त्यात मत्स्यबीज सोडते. हे बीज सोडावेच लागते, कारण रोहू, कटला आणि मृगल साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातले पुराचे वाहते पाणी लागते. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि बोटुकली हवी तेवढी तयार करता येऊ लागली. तो दिवस आज देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तेव्हा जलाशयात गळाला लागलेला दोन किलोचा कटला बहुधा कोणीतरी पैसे मोजून सोडलेले बोटुकलेच असते. हौस म्हणून त्यातले दोन-चार मासे नेण्याला कोणी आक्षेप घेऊ नये. पण त्यावर कमाई करण्याचा हक्क हौशी माणसाला पोहोचत नाही.

जगात ज्या देशांत ही हौस मोठी आहे, त्यांनी नियमाची मुख्य रेघ इथेच ओढली. स्कॉटलंडने 2002 मध्ये आणि इंग्लंड-वेल्सने 2009 मध्ये गळाने धरलेल्या सामन माशाच्या विक्रीवर बंदी घातली. धरायला, खायला आणि द्यायला वाव राहिला, विकायला नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत एका दिवसाची मर्यादा वेगळी आणि एका वेळी जवळ बाळगण्याची मर्यादा वेगळी असते. दिवसाला पाचच मासे म्हटले, तरी रोज पाच आणून शीतपेटी भरणाऱ्याला ती मर्यादा अडवत नाही. जवळच्या एकूण माशांवरची मर्यादा त्याला अडवते. कॅलिफोर्नियात समुद्रातल्या ठरावीक माशांचे बोटीवर काप केले, तर प्रत्येक कापावर चौरस इंचभर कातडी ठेवावी लागते, म्हणजे तपासणाऱ्याला जात ओळखता येते. टेक्सासमध्ये धरलेला मासा दुसऱ्याला दिला, तर कोणी, कोणाला, काय दिले याची सही केलेली चिठ्ठी त्या माशासोबत जाते.

चिठ्ठीची ही पद्धत हिंगोलीत आणू नये. वाटा देणे ही आपल्याकडे गावाची रीत आहे आणि तिला सरकारी कागद जोडला, तर लोक नियमासकट रीतही झिडकारतील. पण त्या चिठ्ठीमागचा हेतू घेण्यासारखा आहे. दिलेला मासा देणाऱ्याच्याच दिवसाच्या संख्येत मोजावा, एवढे पुरे. नाहीतर ‘हे दहा माझे, ते दहा भावाचे, उरलेले मेहुण्याचे’ असे म्हणत एकाच माणसाचे पोते भरते. आणि वाट्याच्या बदल्यात पैसे घेतले, की ती विक्रीच, मग तिला कोणी काहीही म्हणो.

नेण्याबाबतचा नियम याहून महत्त्वाचा आहे: मासा जिवंत नेऊ नये, आणि घरी पोहोचेपर्यंत डोके-शेपटीसह अख्खा ठेवावा. मरळ आणि मांगूर हवेतूनही श्वास घेतात, म्हणून ओल्या पोत्यात ते बराच वेळ जगतात आणि शेततळ्यात किंवा दुसऱ्या जलाशयात सोडण्याचा मोह होतो. हिंगोलीत हा मोह जास्त घातक आहे. सिद्धेश्वर पूर्णेवर आहे आणि इसापूर पैनगंगेवर. पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. पैनगंगेचे पाणी वर्धा आणि प्राणहितेतून थेट सिरोंचाजवळ गोदावरीत येते. निसर्गाने एवढ्या अंतराने वेगळी ठेवलेली ही दोन पाणी दुचाकीवरच्या एका बादलीने दुपारभरात एकत्र येतात, आणि माशासोबत त्याचे रोग आणि परजीवीही येतात. 1952 मध्ये भारतात आणलेला तिलापिया आज उजनीसारख्या जलाशयात किती पसरला आहे, ते सोलापूर-पुण्याकडचे मासेमार रोज पाहतात. आफ्रिकन मांगूर इतर मासे फस्त करतो म्हणून केंद्राने 2000 मध्ये त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. परका मासा एकदा मोठ्या पाण्यात रुजला, की त्याला परत काढता येत नाही.

पावसाळ्यात मर्यादा आणखी कडक हवी. पहिल्या पुरात चढणीला लागलेले मासे अंड्यांनी भरलेले असतात आणि उथळ पाण्यात सहज हाती लागतात. मरळीचे नर-मादी तर लालसर पिल्लांच्या थव्याजवळ पहारा देत असतात आणि थवा दिसला की गळ टाकणाऱ्याला मोठा मासा कुठे आहे ते कळते. तो उचलला, की राखणदार गमावलेली पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. समुद्रात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि 2023 मध्ये राज्याने 54 सागरी जातींसाठी किमान आकारही ठरवला. कोकणातल्या नौकामालकाने पाळायची शिस्त मराठवाड्यातल्या हौशी माणसाला जड वाटू नये.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, खरे नुकसान बारीक आसाच्या जाळ्यांनी आणि विषाने होते, गळाने नाही. हे बरोबर आहे, आणि त्यांच्यावर कारवाई आधी व्हावी. पण मोठा अपराध शिल्लक आहे म्हणून लहान शिस्त टाळायचे कारण नाही. दुसरा, गरिबाने चार मासे विकले तर काय बिघडले? जो पोटासाठी मासे धरतो तो हौशी नाही. त्याला संस्थेचे सभासदत्व आणि विक्रीचा हक्क मिळायलाच हवा. उलट नोकरदार माणसाने फुकटचा मासा स्वस्तात विकला, की काठावरच्या भोई कुटुंबाचा भाव पडतो. विक्रीबंदीने संरक्षण मिळते ते याच कुटुंबाला. तिसरा आक्षेप सर्वात गंभीर आहे: नियम आला की काठावर अडवाअडवी आणि चिरीमिरी येते. म्हणूनच नियम मोजका, डोळ्यांनी तपासता येणारा आणि सर्वांना आधी सांगितलेला असावा. अख्खे, मेलेले आणि ठरलेल्या संख्येतले मासे जवळ असतील, तर थांबवायला जागाच उरत नाही.

मत्स्यव्यवसाय विभाग आणि मासेमार संस्था यांनी एकत्र बसून ही संख्या ठरवावी आणि सिद्धेश्वर, येलदरी, इसापूरच्या काठांवर मराठीत फलक लावावेत: मोजकेच न्या, वाटा पण विकू नका, जिवंत नेऊ नका, पिल्लांजवळचा मासा सोडा. फलक लागेपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही. गळ टाकणाऱ्या प्रत्येकाने या चार गोष्टी येत्या पावसाळ्यापासून स्वतःहून पाळाव्यात.