केसांचा टोप

कबनूर हे इचलकरंजीला लागून असलेले गाव. दिवसरात्र मागांचा खडखडाट. कुणाच्या घरी माग आहेत, कुणी दुसऱ्याच्या मागावर कामाला जाते, कुणी कांड्या भरते. आमच्या संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्या बायकांत कांडीवाल्याच जास्त. त्यांतल्या एक मावशी. जोडाक्षरे वाचण्यात सगळ्यांच्या पुढे. मध्येच त्यांचे येणे थांबले. पंधरा दिवस झाले, महिना झाला. तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो.

दार लोटलेले होते. मावशी आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला.

“बाई, डोईवर एक केस राहिला न्हाई. कसं यायचं चार माणसांत?”

मावशींना स्तनाचा कर्करोग झाला होता. औषधाच्या सलाईन चालू होत्या. गाठीला त्या भ्याल्या नाहीत, सुईलाही भ्याल्या नाहीत. पण केस गेले आणि त्यांनी उंबरा ओलांडणे बंद केले. दवाखान्यात जायला एसटीत बसावे लागते, लोक बघतात. म्हणून पुढच्या सलाईनची तारीखही त्या चुकवणार होत्या. हे ऐकून मात्र आमच्या पोटात गोळा आला.

हा पाठ मावशींना विचारून लिहिला आहे. नाव घातलेले नाही.

आधी केस का जातात ते पाहू. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात. पेशी म्हणजे आपले शरीर ज्यांचे बनलेले असते ते बारीक कण. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. भराभर वाढणाऱ्या पेशींना मारायचे, हे औषधाचे काम. आता केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही अशाच भराभर वाढणाऱ्या. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. औषधाला आपले-परके कळत नाही. ते केसांच्या मुळांनाही मारते. पहिल्या सलाईननंतर दोन-तीन आठवड्यांनी उशीवर, फणीत, न्हाणीघरात केसांचे पुंजके दिसू लागतात. सगळ्याच औषधांनी असे होत नाही, म्हणून डॉक्टरांना आधीच विचारावे. आणि मूळ बहुधा कायमचे मरत नाही. औषध संपले की दोन-तीन महिन्यांत केस पुन्हा दिसू लागतात.

केस जाण्याची दुसरीही कारणे आहेत. विषमज्वर किंवा दुसरा मोठा ताप येऊन गेला, बाळंतपण झाले, की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि पुन्हा येतात. चाई पडते, तेव्हा रुपयाएवढा गोल तुकडा गुळगुळीत होतो. लोक म्हणतात, किडा केस खातो. किडा वगैरे काही नसतो. रोगाशी लढणारी आपल्या शरीरातली शक्तीच चुकून केसांच्या मुळांवर उठते. चाई एकीची दुसरीला लागत नाही. तिची फणी वेगळी ठेवून तिला दुखवू नये.

लागण होईल ही भीती फार वाईट. २०२४ सालच्या अखेरीस विदर्भात, बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात, काही गावांतल्या लोकांचे केस चार-आठ दिवसांत हातात येऊ लागले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास केला आणि खाण्यातल्या गव्हात सेलेनियम नावाचे द्रव्य फार असल्याचे सांगितले. पुढे बऱ्याच जणांचे केस परत आले. पण मधल्या काळात त्या गावांच्या लोकांनी काय सोसले असेल, ते मावशींकडे पाहून आम्हाला कळले.

मावशींच्या मनात आणखी एक सल होता. एक शेजारीण येऊन म्हणाली होती, “मालक तर चांगलं धडधाकट हाईत, मग ह्ये काय?”

हे बोलणे कुठून आले? आपल्याकडे काही जातींत नवरा मेला की बाईचे केस उतरवीत. १८९० साली मुंबईत कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी न्हाव्यांची सभा भरविली. विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे तिथे ठरले. ती चाल आता गेली, पण डोक्यातून गेली नाही. बाईचे उघडे डोके दिसले की अजून वाईटच मनात येते. आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही. एवढा ठराव करायला २०२२ साल उजाडावे लागले!

आणि पाहा, कोल्हापुराहून हरिप्रिया गाडीने माणसे तिरुपतीला जातात. तिथे बायकाही केस देतात, आणि कुणी नावे ठेवीत नाही. डोके तेच, वस्तराही तोच.

तिरुपतीचे हे केस टाकून देत नाहीत. देवस्थान त्यांचा लिलाव करते. व्यापारी ते धुतात, विंचरतात, लांबीप्रमाणे लावतात, आणि त्यांचे टोप होतात. देशोदेशी जातात. आपल्या आयाही विंचरताना निघालेले गुंतवळ साठवून ठेवीत आणि केसवालीला देऊन सुया नाहीतर भांडे घेत. गंगावन तर सगळ्यांना ठाऊक आहे. वेणी बारीक दिसली की त्यात गंगावन घालायचे. त्याची कुणाला लाज वाटली नाही. नाटकात बालगंधर्व स्त्रीवेष घेऊन उभे राहत, तेव्हा त्यांचे रूप पाहायला लोक गर्दी करीत. मग आजारी बाईने टोप घातला तर ती फसवणूक कशी?

टोप दोन तऱ्हेचे. एक खऱ्या केसांचा. तो महाग. एका टोपाला चार-सहा जणींचे केस लागतात. दुसरा कृत्रिम धाग्याचा. तो हलका आणि पुष्कळ स्वस्त. मावशींनी दुसराच घेतला. केस जाण्याआधी घेतला असता तर रंग जुळवता आला असता. त्यांचा पहिला टोप काळाकुळकुळीत निघाला. मावशी पन्नाशीच्या. नातू म्हणाला, “आज्जी, तू सिनेमातली दिसतीस.” तो बदलून थोडे पांढरे केस असलेला आणला.

आता सवयीचे. नवी कोल्हापुरी चप्पल पहिल्या दिवशी चावते. म्हणून कुणी ती फेकून देत नाही, आणि पहिल्याच दिवशी ती घालून जोतिबाचा डोंगरही चढत नाही. टोपाचेही तसेच. पहिल्या दिवशी घरात तासभर. मग दोन तास. मग दारात. मावशींना तीन आठवडे लागले. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, “डोईवर मांजर बसल्यागत वाटतंय.”

टोपाखाली मऊ सुती टोपी घालावी. घाम ती टिपते, खाज कमी होते. टोपाच्या आत मापाच्या पट्ट्या असतात, त्या बघून घट्ट-सैल करावे. कपाळावर वळ उठला तर टोप फार घट्ट आहे असे समजावे. चिकटपट्टी किंवा डिंक लावू नये. औषधाने कातडी नाजूक झालेली असते. झोपताना टोप काढावा. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी घरात सुती रुमालच बरा.

कृत्रिम टोपाला धग सोसत नाही. मावशी एकदा तसाच घालून भाकरी थापायला बसल्या. पुढच्या बटा आखडून काथ्यासारख्या झाल्या. चूल असो, गॅस असो, फोडणीची वाफ असो, टोप काढून मगच स्वयंपाक करावा. धागा पेट घेईल हीही भीती आहेच. कांड्या भरताना टोपावर रुमाल करकचून बांधावा. यंत्राला मोकळी बट दिसता कामा नये, मग ती खरी असो की खोटी.

आठ-दहा वेळा घातला की गार पाण्यात थोडा शांपू घालून बुडवावा. चोळू नये, पिळू नये. तेल लावू नये. टॉवेलात दाबून पाणी टिपावे आणि सावलीत पालथ्या कळशीवर वाळत ठेवावा. वाळल्यावर रुंद दातांच्या फणीने खालच्या टोकापासून वर वर विंचरत जावे.

टोप नको वाटला तर पदर घ्यावा, रुमाल बांधावा, नाहीतर तसेच हिंडावे. आमच्या वर्गात जून महिन्यात पाऊस लांबला आणि वीज गेली. मावशींनी टोप काढून मांडीवर ठेवला आणि त्यानेच वारा घेऊ लागल्या. आधी सगळ्या गप्प. मग मावशीच हसल्या.

एकही सलाईन चुकली नाही. शेवटच्या सलाईननंतर अडीच महिन्यांनी केस दिसू लागले. तेही कुरळे! असे पुष्कळांचे होते. टोप धुऊन, वाळवून मावशींनी तो मागच्या गल्लीतल्या एका मुलीला दिला. तिचे उपचार नुकतेच सुरू झाले होते. देताना त्या तिला म्हणाल्या, “चुलीपुढं बसताना काढून ठेव बरं का गं. आन् त्यो पुढचा आखडलाय न्हवं, त्यो माझ्या भाकरीचा हाय.”