छोट्या ट्रॅक्टरच्या पॉवर स्टेअरिंगचा होज पाइप वारंवार का फुटतो?

रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळीच्या बागांत आणि जळगाव-धुळ्याच्या कापूस पट्ट्यात १५ ते ३० अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर चांगलेच रुळले आहेत. कोळपणी, लहान रोटाव्हेटर, फवारणी, छोटी ट्रॉली अशी बरीच कामे त्यांच्यावर होतात. मात्र पॉवर स्टेअरिंग असलेला असा ट्रॅक्टर आठ-दहा वर्षांचा झाला, की एक दुखणे मागे लागते. स्टेअरिंगचा होज पाइप फुटतो, तेल सांडते आणि ऐन कामाच्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहतो. मिस्त्री नवा पाइप बसवितो, तेल भरतो आणि काम सुरू होते. पुढे महिन्या-दोन महिन्यांत पाइप पुन्हा त्याच जागी फुटतो. मग पाइप नकली निघाला असे समजून शेतकरी दुसऱ्या दुकानाची वाट धरतो.

शेतकरी बंधूंनो, एखादा पाइप खराब निघू शकतो. पण एकाच ट्रॅक्टरवर लागोपाठ दोन-तीन पाइप फुटले, तर दोष पाइपात नाही असे समजावे. केळीचे पान पिवळे पडले म्हणून आपण केवळ पानावर उपचार करीत नाही. मूळ, पाणी आणि अन्नद्रव्ये तपासतो. तसेच पाइप फुटणे हे लक्षण आहे. रोग दुसरीकडे असतो.

यंत्रणा कशी चालते?

इंजिनावर चालणारा पंप टाकीतून तेल ओढतो व दाबाच्या पाइपातून स्टेअरिंगखालील युनिटकडे ढकलतो. (काही ट्रॅक्टरमध्ये वेगळी टाकी नसून गिअर बॉक्सचेच तेल वापरले जाते.) स्टेअरिंग फिरविले की युनिट हे तेल पुढच्या आसावरील सिलिंडरच्या एका बाजूस पाठविते. दुसऱ्या बाजूचे तेल परतीच्या पाइपाने टाकीत येते. ट्रॅक्टर सरळ चालत असताना दाब कमी असतो. वळताना तो वाढतो आणि चाके पूर्ण वळून अडली की सर्वांत जास्त होतो. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरमध्ये ही मर्यादा सुमारे ८० ते १५० किलो प्रति चौ. सें.मी. असते. त्यापलीकडे दाब जाऊ नये म्हणून दाबमर्यादा झडप, म्हणजेच रिलीफ व्हॉल्व्ह, उघडते व तेल परत फिरते. मात्र त्या वेळी पंपाची सारी शक्ती उष्णतेत जाते आणि तेल झपाट्याने तापते.

फुटलेला पाइप फेकू नका

फुटलेला पाइप पुसून उजेडात नीट पाहावा. कारण बहुधा तेथेच सापडते.

१) एका बाजूचे रबर घासून तारेची जाळी दिसत असेल, तर पाइप चासी, बॅटरीची पेटी किंवा आसावर घासत आहे.
२) रबर कडक होऊन वाकविताच तडे जात असतील, तर उष्णता किंवा वय हे कारण आहे.
३) जोडाजवळच फुटला असेल, तर पाइप पिळलेला आहे किंवा जोडापासून लगेच वाकविलेला आहे.
४) जोडातून पाइप निसटला असेल, तर टोपी नीट प्रेस झालेली नाही.
५) रबर चांगले असूनही मध्येच फुटला असेल, तर दाब मर्यादेबाहेर जात असण्याची शक्यता मोठी आहे.
६) आतील रबर फुगून मऊ झाले असेल, तर तेल चुकीचे आहे किंवा त्यात डिझेल मिसळले आहे.

मूळ कारणे व उपाय

उष्णता : खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. पूर्वहंगामी कपाशीची मशागत नेमकी याच दिवसांत चालते. बाहेरची हवा इतकी तापलेली असताना तेल थंड होण्यास वाव कमी राहतो. रबराच्या बाबतीत सर्वसाधारण ठोकताळा असा, की तापमान दर १० अंशांनी वाढले तर आयुष्य जवळजवळ निम्मे होते. पाइप सायलेन्सरजवळून जात असेल तर त्याचा मार्ग बदलावा. ते शक्य नसल्यास मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा. टाकी व पंपावर साचलेला मातीचा थर काढावा. जड रोटाव्हेटरचे काम सकाळी व सायंकाळी उरकावे.

अरुंद वळण : हे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ठिबकच्या शेतात आपण बांधापर्यंत लागवड करतो आणि टोकाला सबमेन असते. ट्रॅक्टर वळायला जागाच उरत नाही. चालक उभ्या ट्रॅक्टरवर स्टेअरिंग टोकापर्यंत फिरवून तसेच धरून ठेवतो. प्रत्येक वळणावर रिलीफ व्हॉल्व्ह उघडते, तेल तापते आणि पाइपाला झटका बसतो. दिवसभरात असे शेकडो झटके बसतात.

यावर उत्तम उपाय म्हणजे टोकाला वळणासाठी पट्टा सोडणे. त्याची किंमतही पाहिली पाहिजे. केळीची लागवड १.५ × १.५ मीटरवर असेल व बाग ६० मीटर रुंद असेल, तर टोकाच्या दोन आडव्या रांगा सोडल्याने ८० झाडे कमी होतात. हे नुकसान लहान नाही. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी एका दमात वळण्याचा हट्ट सोडून मागे-पुढे करीत दोन टप्प्यांत वळावे. चाके फिरत असतानाच स्टेअरिंग फिरवावे. ते टोकाला टेकले की किंचित मागे घ्यावे. या सवयीला एक पैसाही खर्च येत नाही.

वाढविलेला दाब : स्टेअरिंग जड लागते अशी तक्रार आली, की रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकून दाब वाढविण्याचा प्रकार काही ठिकाणी केला जातो. स्टेअरिंग हलके होते, पण त्या दिवसापासून पाइप, पंपाचे सील व युनिट यांवर जादा भार पडतो. दोन पाइप लागोपाठ फुटल्यावर तिसरा बसविण्यापूर्वी जाणकार मिस्त्रीकडून प्रेशर गेज लावून दाब तपासावा. तपासताना तेल गरम असावे व स्टेअरिंग टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. आकडा माहितीपुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा.

जड झालेला पुढचा आस : ग्रीसअभावी किंग पिन घट्ट होणे, पुढच्या टायरमध्ये हवा कमी असणे किंवा पुढे गरजेपेक्षा जास्त वजने लावणे, यामुळे प्रत्येक वळणाला जास्त दाब लागतो. उलट बुश व टाय रॉड एंड ढिले झाले असतील, तर ढेकळांचे हिसके सिलिंडरमार्गे पाइपापर्यंत पोहोचतात. पुढचा आस जॅकवर उचलून चाके हलवून पाहिल्यास दोन्ही दोष कळतात.

खराब तेल : तेल काळे पडून जळका वास येत असेल, तर ते तापले आहे. दुधाळ दिसत असेल, तर त्यात पाणी गेले आहे. दोन्ही प्रसंगी तेल बदलावे, गाळणी धुवावी किंवा फिल्टर बदलावा. परतीच्या वाटेवरील फिल्टर तुंबला, तर कमी दाबाचा परतीचा पाइपही फुटतो. मिळेल ते तेल वर ओतू नये; पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच वापरावे.

नवीन पाइप घेताना व बसविताना

जुना पाइप बरोबर न्यावा. लांबी, आतील व्यास आणि जोडाचे आटे जुळले पाहिजेत. पाइपावर छापलेली प्रत व उत्पादनाचे वर्ष पाहावे. ३/८ इंच आतील व्यासाच्या एका जाळीच्या (१००आर१) पाइपाची कामाची क्षमता सुमारे १८० किलो प्रति चौ. सें.मी. असते, तर दोन जाळ्यांच्या (१००आर२) पाइपाची सुमारे ३३० किलो. मात्र जाड पाइप हा सर्व दुखण्यांवर इलाज नव्हे. दाबच वाढलेला असेल, तर मजबूत पाइप टिकेल आणि पंपाचे सील जाईल. तो खर्च कितीतरी जास्त असतो. दाबाच्या बाजूस साधा डिझेल पाइप क्लिप लावून कधीही वापरू नये.

बसविताना पाइपावरील छापील रेघ सरळ राहील याकडे लक्ष द्यावे. रेघ पिळलेली दिसली, तर पाइप पिळलेला आहे. नट आवळताना दुसऱ्या पान्याने जोड धरून ठेवावा. ३/८ इंची पाइपाचे वळण १३ सें.मी. त्रिज्येपेक्षा लहान नसावे. दाब आल्यावर पाइपाची लांबी किंचित कमी-जास्त होते, म्हणून तो ताणून बसवू नये. चाके दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाइप कोठे ताणतो किंवा घासतो का, हे पाहावे. कापताना आत राहिलेली रबराची व लोखंडाची कीस हवेने काढून टाकावी.

जिवाचा धोका

पाइप फुटणे म्हणजे केवळ तेलाचे नुकसान नव्हे. ज्या ट्रॅक्टरमध्ये स्टेअरिंग व चाके यांच्यामध्ये फक्त तेलाचा दुवा आहे, त्यात पंपाकडील पाइप फुटला तर स्टेअरिंग अतिशय जड होते. पण सिलिंडरचा पाइप फुटला तर स्टेअरिंग फिरते आणि चाके वळत नाहीत. सुरत-नागपूर महामार्गावर पारोळा, एरंडोलच्या बाजूने भरलेली ट्रॉली घेऊन जाताना असे घडले, तर काय होईल याचा विचार करावा. म्हणून गळका पाइप असलेला ट्रॅक्टर रस्त्यावर काढू नये. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल जोडलेली असावीत. स्टेअरिंग अचानक जड लागल्यास लगेच बाजूला घेऊन थांबावे. तेल भरून 'गावापर्यंत जाऊ' असे करू नये.

दुसरा धोका तेलाच्या बारीक धारेचा आहे. सुईच्या छिद्रातून दाबाने निघणारे तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टोचल्यासारखी लहान दिसते, पण आतले मांस सडून बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती हाताने चाचपू नये; पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. अशी इजा झाल्यास दुखत नसले तरी ताबडतोब रुग्णालयात जावे व तेल दाबाने आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

लक्षात ठेवण्याचे वेळापत्रक

रोज : ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी तेलाची पातळी व जमिनीवरील डाग पाहावेत.
दर आठवड्यास : पाइप पुसून तडे, फुगवटे व घासल्याच्या खुणा पाहाव्यात, किंग पिनला ग्रीस द्यावे, टायरची हवा तपासावी.
दरवर्षी एप्रिलमध्ये : तेल व फिल्टर पाहावेत, आसाचा ढिलेपणा काढावा.
सहा वर्षांनी : पाइप वरून चांगले दिसले तरी सर्व दाबाचे पाइप एकदम बदलावेत.

प्रत्येक वेळी पाइप कधी व कोणत्या जागी फुटला, याची नोंद वहीत ठेवावी. दोन नोंदी एकाच जागेच्या निघाल्या, की दुकान बदलण्याऐवजी कारण शोधावे. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की पेरणीचे दिवस मोजकेच असतात. त्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहू नये यासाठी ही तपासणी उन्हाळ्यातच उरकून घ्यावी.