रिकाम्या इमारतींचं दशक

शॉन ओकेसीच्या ‘द प्लाऊ अँड द स्टार्स’ या नाटकाला या फेब्रुवारीत शंभर वर्षं झाली. ८ फेब्रुवारी १९२६ रोजी डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला आणि त्याच आठवड्यात प्रेक्षागृहात दंगा उसळला. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९१६च्या उठावात ज्यांची माणसं गेली त्या विधवा आणि आया नाटकावर संतापल्या होत्या. त्यांचा राग खोटा नव्हता. उठावाला पुरती दहा वर्षं झाली नव्हती, आणि रंगमंचावर क्रांतिकारकांचे झेंडे दारूच्या गुत्त्यात आलेले दिसत होते. त्याच गुत्त्यात एक वेश्या गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी होती. ॲबीच्या संस्थापकांपैकी एक, कवी येट्स, स्वतः रंगमंचावर आला आणि प्रेक्षकांना खडसावून गेला.

या हकिकतीतला एक तपशील मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आयरिश सरकारने ॲबीला पहिलं अनुदान दिलं ते १९२५ साली, ८५० पौंडांचं. इंग्रजी बोलणाऱ्या जगातलं सरकारी मदतीवर चालणारं ते पहिलं नाट्यगृह. म्हणजे सरकारचे पैसे हातात पडून वर्षही उलटलं नाही, तोच ॲबीने नव्या राष्ट्राच्या सर्वांत पवित्र आठवणीला हात घातला. पैसे घेतले म्हणून जीभ आवरली नाही.

त्यानंतरची बरीच वर्षं मात्र मला कंटाळवाणी वाटतात आणि त्यांच्यावर फार शाई खर्च करावी असं वाटत नाही. १९२८ साली ओकेसीचं ‘द सिल्व्हर टॅसी’ खुद्द ॲबीनेच नाकारलं. १९४१पासून पाव शतक अर्नेस्ट ब्लाइथ हा माजी अर्थमंत्री तिथला कारभारी होता. १९५१ साली इमारत जळाली, १९६६ साली नवी उभी राहिली. टॉम मर्फीचं ‘अ व्हिसल इन द डार्क’ ब्लाइथने परत पाठवलं आणि ते १९६१ साली लंडनमध्ये उभं राहिलं. एवढं सांगितलं की त्या काळाबद्दलचं माझं मत कळावं. नव्वदच्या दशकाची गोष्ट वेगळी. ब्रायन फ्रिएलचं ‘डान्सिंग ॲट लूनासा’, मरीना कारची नाटकं, गॉलवेच्या ड्रुइड संस्थेने उभं केलेलं मार्टिन मॅकडोनाचं ‘द ब्यूटी क्वीन ऑफ लीनेन’. आणि १९९८ साली त्याच नाटकासाठी ड्रुइडचीच गॅरी हाइन्स दिग्दर्शनाचा टोनी पुरस्कार घेऊन परतली. सुगीचा काळ होता तो. पण तो मी पाहिला नाही, ऐकला.

मी डब्लिनला नोकरीसाठी आले ती २००९ साली, मंदीच्या ऐन तडाख्यात. आयरिश नाटककार म्हणून तोवर शॉ माहीत होता, तोही पु. लं.च्या ‘ती फुलराणी’मुळे. बँका बुडाल्या होत्या, पुढच्याच वर्षी देशाला नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले. कला परिषदेचा निधी मंदीआधी आठ कोटी युरोंच्या वर होता, तो २०१४पर्यंत सहा कोटींच्या खाली आला. कात्री लागली ती आधी लहानांना. लिमरिकचं बेलटेबल थिएटर २०१२ साली बंद पडलं. वॉटरफर्डची रेड केटल ही चांगली जुनी संस्था २०१४ साली संपली. गावोगाव दौरे करणाऱ्या मंडळींचे दौरे थांबले, आणि ज्या गावात वर्षातून दोन-तीन नाटकं यायची तिथे एकही येईनासं झालं. त्या काळात काटकसरीच्या नावाखाली जे मोडलं गेलं, त्यातलं बरंचसं पुढे पैसे आले तेव्हाही पुन्हा उभं राहिलं नाही. ज्यांनी ती कात्री चालवली त्यांना मी आजही माफ केलेलं नाही.

आणि तरीही मी पाहिलेलं सर्वांत धीट नाटक त्याच दशकातलं आहे. कारण साधं होतं. शहर रिकामं पडलं होतं. गोदामं, बंद दुकानं, अर्धवट बांधलेली कार्यालयं, यांना भाडेकरू मिळत नव्हते, म्हणून ती नाटकवाल्यांना मिळत होती. छबिलदासच्या हॉलने मराठी प्रायोगिक नाटकाला काय दिलं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. स्मिथफील्डमध्ये ब्लॉक टी नावाची जागा होती. चित्रकार, वादक, नाटकवाले, सगळे एका छपराखाली.

२००९ साली लुईस लो आणि ओवेन बॉस यांनी ‘अनू’ ही संस्था काढली. तिने २०११च्या डब्लिन नाट्यमहोत्सवात ‘लाँड्री’ केलं, तेही शॉन मॅकडरमट स्ट्रीटवरच्या खऱ्याखुऱ्या मॅग्डलीन लाँड्रीत. ‘वाईट चालीच्या’ ठरवलेल्या मुलींना, कुमारी मातांना, अनाथ पोरींना नन्स जिथे कोंडून बिनपगारी कपडे धुवायला लावत, त्यांपैकी आयर्लंडमधली शेवटची जागा ती. बंद झाली १९९६ साली. प्रयोगाला एका वेळी तिघांनाच आत सोडत. आत गेल्यावर तिघांचीही ताटातूट होई. मागे दार लागलं त्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. कार्बोलिक साबणाचा वास, उंच भिंती आणि समोर एकटी नटी. एका खोलीत न्हाणीच्या टबात बसलेली बाई होती आणि आपण तिच्या हाताच्या अंतरावर उभे. ती आपल्याकडे पाहते. मान वळवायची सोय नाही, शेजारी कुजबुजायला कुणी नाही, पुढच्या रांगेतल्या डोक्याआड लपता येत नाही. शेजारपाजारच्या लोकांनी सत्तर वर्षं जे केलं, म्हणजे दाराबाहेरून मुकाट जाणं, तेवढंच नेमकं तिथे करता येत नव्हतं.

फेब्रुवारी २०१३मध्ये पंतप्रधान एंडा केनी यांनी त्या स्त्रियांची संसदेत जाहीर माफी मागितली. ती मिळवली त्या स्त्रियांनी आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांनी, वर्षानुवर्षं झगडून. पण त्याआधीच, २०११च्या शरदात, नाटकाने ते दार उघडून दाखवलं होतं, हे विसरता कामा नये. पुढे महापालिकेने ती इमारत हॉटेलसाठी विकायला काढली. २०१८ साली नगरसेवकांनी मतदान करून ती विक्री रोखली, आणि आता तिथे राष्ट्रीय स्मृतिकेंद्र होणार आहे.

२०१२ साली ड्रुइडने टॉम मर्फीची तीन नाटकं एका दिवसात, ओळीने केली. सुरुवात ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन अ होमकमिंग’ने, मग ‘अ व्हिसल इन द डार्क’, शेवटी ‘फॅमिन’. म्हणजे काळात मागे मागे जात, गावातल्या पबपासून १८४६च्या दुष्काळापर्यंत. पहिल्या नाटकात अमेरिकेहून दहा वर्षांनी परतलेला एक नट जुन्या मित्रांबरोबर पबमध्ये बसतो. त्याच्या बोलण्यात अजून जुनं स्वप्न, मित्रांच्या बोलण्यात त्या स्वप्नाबद्दलचा राग. प्रेक्षागृहातल्या कितीतरी जणांची मुलं तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या, कॅनडाच्या विमानात बसत होती. मी स्वतः घर सोडून आलेली. मध्यंतरात कुणी फारसं बोलत नव्हतं.

मग आलं २०१५. ऑक्टोबरच्या आरंभी फ्रिएल गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस ॲबीने उठावाच्या शताब्दीचा कार्यक्रम जाहीर केला. दहा नाटकं, त्यांतलं बाईने लिहिलेलं एक, आणि दिग्दर्शिका तीन. ज्या उठावाच्या जाहीरनाम्यात आयर्लंडच्या पुरुषांबरोबर स्त्रियांनाही हाक घातली होती, त्याच्या शताब्दीला ही तऱ्हा. नेपथ्यकार लिअन बेल हिने आवाज उठवला, ‘वेकिंग द फेमिनिस्ट्स’ ही चळवळ उभी राहिली आणि १२ नोव्हेंबरला पाचशेहून अधिक माणसांनी खुद्द ॲबीचंच प्रेक्षागृह भरून टाकलं. एकामागून एक बायका रंगमंचावर येऊन बोलल्या. तेव्हा काही जाणते लोक मला समजावत होते की नाटक चांगलं असलं म्हणजे झालं, लेखक पुरुष की बाई हे कशाला मोजायचं. २०१७ साली दहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. नाटककारांत बायकांचं प्रमाण २८ टक्के निघालं, आणि जिथे सरकारी पैसा जास्त तिथे बायका कमी, हेही आकड्यांनिशी दिसलं. न मोजता हे कुणाला कळलं असतं? गेल्या वर्षी मरीना कारचं ‘द बॉय’ हे दोन भागांतलं प्रचंड नाटक ॲबीच्या मुख्य रंगमंचावर आलं, दिग्दर्शन कॅट्रिओना मॅकलॉफ्लिन या तिथल्याच कलासंचालिकेचं. त्या नोव्हेंबरातल्या सभेशिवाय ते इतक्या थाटात झालं असतं असं मला वाटत नाही.

टॉम मर्फी मे २०१८मध्ये गेला. माझ्यापुरतं ते दशक तिथे संपलं, कारण तोवर शहरही भरून आलं होतं. ब्लॉक टीने स्मिथफील्डची जागा २०१६मध्येच सोडली. फ्रान्सिस स्ट्रीटवरचं टिव्होली थिएटर २०१९ साली बंद झालं आणि त्या जागी हॉटेल आलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत तीनशेहून अधिक कलावंतांनी मंत्र्यांना पत्र लिहिलं की ॲबी आता स्वतः नाटक कमी करतं, बाहेरच्यांशी भागीदारीत जास्त, त्यामुळे नटांना थेट काम मिळत नाही. ते पत्र योग्यच होतं.

आता पैसा आहे. कला परिषदेचा निधी मंदीआधीपेक्षाही कितीतरी वाढला. २०२२ साली सरकारने दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देणारी मूळ उत्पन्नाची योजना सुरू केली आणि गेल्या ऑक्टोबरात ती कायम करण्याची घोषणा केली. जगातल्या फार थोड्या देशांनी एवढी हिंमत दाखवली आहे. मी तिचं मनापासून स्वागत करते. पण डब्लिनमधल्या एका खोलीचं भाडं त्यातला निम्म्याहून अधिक भाग गिळतं. माझ्या ओळखीची एक तरुण दिग्दर्शिका फिब्सबरोमधल्या भाड्याच्या घरात तालमी घेते. टेबल भिंतीला लावायचं, फरशीवर चिकटपट्टीने नेपथ्याच्या खुणा करायच्या, आणि रात्री घरमालक येण्याआधी त्या खरवडून काढायच्या. चार पात्रांचं नाटक तिने दोन पात्रांचं केलं, कारण स्वयंपाकघरात चौघं उभी राहू शकत नाहीत.

मोठ्या थिएटरांच्या हंगामाची पत्रकं चाळली की जे. एम. सिंग, ओकेसी, बेकेट, फ्रिएल पुन्हा पुन्हा भेटतात. गेल्या वर्षी ‘द वीअर’ ब्रेंडन ग्लीसनसारख्या मोठ्या नटाला घेऊन ऑलिम्पिया थिएटरात आलं आणि तुडुंब चाललं. नाटक उत्तम, नट थोर. पण ते १९९७चं नाटक आहे, आणि कॉनर मॅकफर्सनने ते लिहिलं तेव्हा तो पंचविशीचा, फारसं नाव नसलेला पोरगा होता. आज तसा पोरगा किंवा पोरगी कुठल्या खोलीत तालीम करणार?

सरकारने माणसाला पगार दिला, तसं नाटकालाही छप्पर द्यावं. रिकाम्या सरकारी इमारती तालमींसाठी खुल्या कराव्यात आणि छोट्या गावांचे दौरे पुन्हा सुरू करावेत. आणि डब्लिनमधल्या माझ्या मराठी मित्रमैत्रिणींनो, मुंबईहून नाटक आलं की आपण मुलाबाळांसह हॉल भरतो. तसंच या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात नाट्यमहोत्सवाचं पत्रक हातात आलं की मोठं नाव सोडून द्या. टेम्पल बारमधल्या प्रोजेक्ट आर्ट्स सेंटरला जा, ॲबीच्या तळघरातल्या पीकॉकला जा, ज्याचं नाव कधी ऐकलं नाही अशा कुणाचं तरी पहिलं नाटक निवडा आणि पूर्ण पैसे मोजून तिकीट काढा.