एकादशीची भरती

कुर्डुवाडीत एकादशी म्हटली की डोळ्यांपुढे येते ती पंढरपूरच्या गाडीची गर्दी. रत्नागिरी-गुहागरच्या किनाऱ्यावर तीच एकादशी म्हणजे सव्वाआठची भरती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा दर्यावर्दींचा जुना हिशेब. अकराची पाऊणपट सव्वाआठ, अष्टमीची सहा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, सकाळी आणि संध्याकाळी वेळ तीच, थोडी मागंपुढं. सव्वासहा तासांनी ओहोटी. टूरवाल्याच्या बसविना आपलं आपण हिंडायचं असेल, तर खोली ठरवण्याआधी हे शिकून घ्यावं. किनाऱ्याने चालत पुढच्या गावाला कधी निघायचं, हे पाणीच ठरवतं.

जायला आपल्याला गाडी दारातूनच आहे. १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी धावू लागलेली बार्शी लाइट रेल्वे १९२७ मध्ये मिरजेला पोचली. आता त्या मार्गावर ब्रॉडगेज आहे. मिरजेवरून कोल्हापूर, तिथून एसटीने आंबा घाट उतरला की रत्नागिरी. पुढे उत्तरेला गणपतीपुळे, मालगुंड, जयगड.

पुळ्यापर्यंत गर्दी असते, जयगडनंतर ती विरते. कोकण रेल्वे आणि मुंबई-गोवा महामार्ग दोन्ही आतून, चिपळूण-खेडवरून गेलेत. शिवाय दर थोड्या अंतरावर खाडी आडवी. जयगडला शास्त्री, दाभोळला वाशिष्ठी, बाणकोटला सावित्री. जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेसवी-बागमांडला या फेरीबोटी मोटारीही पलीकडे नेतात, पण पायी माणसाला रांग नाही. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे पूल झाले की खाड्यांचा हा अडथळा संपेल. गावकऱ्यांची सोय होईल, त्याबद्दल तक्रार करायचा पाहुण्याला हक्क नाही. जाऊन मात्र आधी यावं.

दाभोळला उतरल्यावर परांड्याची आठवण ठेवावी. आपल्या शेजारचा तो किल्ला ज्या बहामनी राजवटीतला, तिचंच हे बंदर. अरबी घोडे इथे उतरत. पंधराव्या शतकातला रशियन प्रवासी निकितीन परतीला इथूनच जहाजावर चढला.

हर्णैला संध्याकाळी पोचावं. नौका सुवर्णदुर्गाजवळ खोल पाण्यात नांगरतात. मासळी छोट्या होडीतून उथळात येते आणि तिथून बैलगाडीत. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे. ओल्या वाळूवर ढीग पडले की लिलाव सुरू. बोली व्यापाऱ्यांची, आपण मधे तोंड घालू नये. बाजूला बायका वाटे लावून बसतात, तिथे सुटी मासळी मिळते. भाव करावा, पण सोलापुरी चिवटपणाने नव्हे. साफ करून घ्यावी आणि उतरलो त्या घरी द्यावी. ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशा पाट्या गावोगाव आहेत. कालवण मात्र त्यांच्या हातचं, नारळाचं खावं. काळ्या मसाल्याची पुडी बाहेर काढू नये.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि मे महिन्यात शहर लोटतं. दिवाळीची सुट्टी संपली की जावं. मुक्कामाची एसटी रात्री गावात थांबून पहाटे निघते. तिचे ड्रायव्हर-कंडक्टर कुठे जेवतात एवढं विचारलं, की चांगल्या खानावळीचा पत्ता लागतो.