गोदामांच्या गावात दुकानाचे काय होणार?

रमजान ईदच्या आधीची गोष्ट. आमच्या दुकानात बरीच वर्षे येणाऱ्या एक आपा सूटचे कापड बघत होत्या. कापड हाताने चाचपून पाहिले, रंग उजेडात नेऊन पाहिला, भाव विचारला. मग पिशवीतून मोबाइल काढून आमच्यासमोर धरला. "भाईजान, हेच कापड इथे नव्वद रुपयांनी कमी आहे, आणि घरपोच येते. मग आम्ही काय करावे?" आमच्याकडे त्या वेळी उत्तर नव्हते. आपा अदबीने सलाम करून निघून गेल्या.

त्या रात्री हिशेबाची वही उघडून आम्ही बराच वेळ बसलो. ते कापड कदाचित आमच्या भिवंडीच्याच मागावर विणले गेले असेल. ग्रे थान सुरतेला किंवा बालोतऱ्याला रंगाईसाठी गेले असेल आणि तिथून परत येऊन शहराबाहेरच्या एखाद्या मोठ्या गोदामात पडले असेल. म्हणजे कापड आमचे, गोदाम आमच्या वेशीवर, ग्राहकही आमच्याच गल्लीतले. मध्ये फक्त आमचे दुकान नाही.

भिवंडीच्या व्यापाऱ्याने हा विषय इतरांपेक्षा आधी समजून घेतला पाहिजे, कारण देशातील मोठ्या दुकानदारीचे कोठार आपल्याच दारात आहे. शहरातून अंजूरफाट्याकडे निघाले की राहनाळ, पूर्णा, काल्हेर ही गावे लागतात, तिकडे महामार्गावर मानकोली. एके काळी इथे भाताची शेते होती, आज पत्र्याच्या छपरांची गोदामे आहेत. मुंबईत माल नेला की जकात द्यावी लागे. म्हणून कंपन्या माल हद्दीबाहेर भिवंडीच्या ग्रामपंचायतींत ठेवत आणि लागेल तसा आत नेत. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. तेव्हा अनेकांना वाटले, आता ही गोदामे ओस पडतील. झाले उलटेच. करासाठी प्रत्येक राज्यात वेगळे गोदाम ठेवण्याची गरज संपली, तेव्हा कंपन्यांनी छोटी गोदामे सोडून एकाच जागी मोठी घेतली. ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टसारख्यांचा माल आज याच पट्ट्यातून निघतो. आमच्या ओळखीतील कितीतरी मागवाल्यांची मुले तिथे पार्सल बांधतात.

मोठे दुकान ही काही नवी बला नाही. मुंबईत नायगावच्या कामगारांनी 1948 साली सहकारी तत्त्वावर अपना बाजार उभा केला, तेव्हाही किराणावाले घाबरले असतील. पण तो बाजार कामगारांचाच होता. पुढे 2002 साली पवईत पहिले डी-मार्ट उघडले. त्याचे मालक राधाकिशन दमानी हे शेअर बाजारातील गुंतवणूकदार. आज ठाणे-कल्याणकडे महिन्याचा बाजार भरायला जी रांग लागते, ती आपण पाहतोच.

डी-मार्ट स्वस्त का विकू शकते, हे शिव्या देण्याआधी पाहिले पाहिजे. यात जादू काही नाही. एक तर बहुतेक दुकानांची जागा त्यांच्या स्वतःच्या मालकीची आहे, त्यामुळे दर महिन्याला भाड्याची टांगती तलवार नाही. दुसरे, ते पुरवठादाराला पैसे लवकर देतात आणि त्या बदल्यात भाव तोडून घेतात. तिसरे, दुकानात थाटमाट नाही आणि जो माल भराभर खपतो तोच ठेवतात. आमच्या अब्बांच्या पिढीतला कोणताही जुना व्यापारी हेच सांगत असे: रोखीने घ्या, कमी नफ्यावर विका, माल पडून राहू देऊ नका. आपली शिकवण दुसऱ्याने अमलात आणली आणि आपण ती विसरलो.

आणि जे मोठे ते सगळेच तरले असेही नाही. चेन्नईची सुभिक्षा नावाची साखळी देशभर पंधराशेच्या वर दुकानांपर्यंत पोहोचली आणि 2009 साली पैशांअभावी बंद पडली. फ्रान्सच्या कारफूरने 2014 मध्ये भारतातील आपली दुकाने गुंडाळली. बिग बाजार तर घराघरात माहीत होते. कर्जाचा डोंगर झाला, 2022 च्या फेब्रुवारीत भाडे थकलेल्या कितीतरी दुकानांचा ताबा रिलायन्सने घेतला आणि त्याच वर्षी मालक कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. यातून एक गोष्ट दिसते. दुकान मोठे की छोटे, यावर ते जगत नाही. कर्ज, भाडे आणि अडकलेला पैसा यांवर ते मरते. हा नियम बिग बाजारला लागू झाला, तसा आमच्या दहा बाय बाराच्या गाळ्यालाही लागू आहे.

आता अडकलेल्या पैशांचेच बोलू. समजा, एखाद्या किराणावाल्याने एक लाखाचा माल भरला. नफा शेकडा आठ. माल दर महिन्याला रोखीने विकला आणि पुन्हा भरला, तर वर्षाला 96 हजार सुटतात. आता त्यातील निम्म्या मालाचे पैसे उधारीमुळे चार महिन्यांनी येतात असे धरा. रोखीच्या निम्म्यावर 48 हजार, उधारीच्या निम्म्यावर फक्त 12 हजार, एकूण 60 हजार. एकही रुपया बुडाला नाही, तरी 36 हजार गेले. हे 36 हजार कोणत्याही वहीत तोटा म्हणून दिसत नाहीत, म्हणूनच ते दुकान आतून पोखरतात.

मग उधारी बंद करावी का? काही हुशार मंडळी असे सांगतात. त्यांनी भिवंडी पाहिलेली नाही. आपल्याकडे उत्तर प्रदेश-बिहारहून आलेला मागकामगार भिस्सीत जेवतो. भिस्सी चालवणारी बाई त्याच्याकडून पगार झाल्यावर पैसे घेते. तोवर तिला पीठ, डाळ, तेल देतो तो गल्लीतला किराणावाला, वहीवर. किराणावाल्याला घाऊक व्यापारी थांबतो. मागवाल्याला कापडाचे पैसे आले की पगार होतो, मग भिस्सीचे पैसे, मग किराण्याचे. मागापासून तव्यापर्यंत ही एकच साखळी आहे. तिच्यात ना बँक आहे, ना सूद, ना कागद. कोणतेही सुपरमार्केट भिस्सीवालीला वहीवर पीठ देणार नाही, आणि दहा मिनिटांत सामान आणणारा मुलगाही देणार नाही.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा माग थांबले, पगार थांबले. कामगार पायी गावाकडे निघाले. जे राहिले, त्यांची चूल अनेक ठिकाणी किराणावाल्याच्या वहीवर पेटली. आमच्या गल्लीतील किराणावाले चाचा अर्धे शटर वर करून पहाटे सामान देत. नाव लिहून घेत, आकडा सांगत नसत. त्यातले काही पैसे आले, काही कधीच आले नाहीत. कारण देणेकरी गावाहून परतलेच नाहीत.

तेच चाचा दोन वर्षांपूर्वी दुकान बंद करून बसले. मुलगा गोदामात सुपरवायझर आहे. त्याने सांगितले, "अब्बा, तुम्ही दिवसभरात जेवढे कमावता त्यापेक्षा मला जास्त मिळते." हिशेब बरोबर होता. पण चाचांच्या दुकानाच्या भरवशावर ज्या तीन भिस्स्या चालत, त्यातली एक बंद झाली आणि दुसरीने जेवणाचे दर वाढवले.

इथे आम्हाला एक कबुली दिली पाहिजे. ज्या काळात आम्ही मशिदीबाहेर उभे राहून छोट्या दुकानदारांच्या बाजूने बोलत होतो, त्याच काळात आमच्या घरचे महिन्याचे सामान कल्याणच्या मोठ्या दुकानातून गाडीत भरून येत होते. चाचांकडून आम्ही फक्त दूध, मीठ आणि पाहुणे आले की बिस्किटे घ्यायचो. म्हणजे रोखीचा मोठा सौदा मोठ्या दुकानाला आणि उधारीचा, तंगीचा बोजा चाचांना. त्यांचे दुकान बंद पडण्यात आमचाही वाटा आहे. आपल्यापैकी किती जणांना हे लागू आहे, ते प्रत्येकाने आपल्या घरी विचारावे.

ऑनलाइन विक्रीचाही प्रयत्न आम्ही करून पाहिला. एका कंपनीच्या मंचावर चाळीस सूट लावले. विक्री बरी झाली, पण अकरा सूट परत आले. त्यातल्या दोनांना अत्तराचा वास होता, म्हणजे लग्नात मिरवून आले होते. कमिशन, पाठवण्याचा खर्च, परत येण्याचा खर्च वजा जाता हाती जे राहिले, त्यात दुकानाचे वीजबिलही निघाले नसते. तक्रार केली, तर उत्तर यंत्राने दिले. दोष पूर्ण त्यांचाच होता असे नाही. आम्ही मापे नीट लिहिली नव्हती, फोटो मुलाने मोबाइलवर संध्याकाळी काढले होते. त्या धंद्याचीही एक कारागिरी आहे आणि ती शिकल्याशिवाय उतरणाऱ्याला फटका बसणारच.

मोठ्या कंपन्या सरळ खेळतात की नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि खरा आहे. आपल्या मर्जीतील विक्रेत्यांना पुढे करतात, अशी तक्रार दिल्लीच्या व्यापाऱ्यांनी केली, तेव्हा स्पर्धा आयोगाने जानेवारी 2020 मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टची चौकशी लावली. ती लढाई संघटनांनी लढावी, आपण साथ द्यावी. पण निकाल लागेपर्यंत शटर रोज सकाळी वर करायचेच आहे. म्हणून आपल्या हातात काय आहे, ते पाहू.

पहिली गोष्ट, एकत्र खरेदी. 1898 साली बर्लिनमध्ये 21 छोट्या किराणा दुकानदारांनी एकत्र माल घेण्यासाठी संस्था काढली. त्यातून वाढलेली एडेका आज जर्मनीतील सर्वांत मोठी किराणा साखळी आहे, आणि तिची बरीच दुकाने आजही स्वतंत्र दुकानदार चालवतात. आमच्या बाजारात आम्ही सात कापडवाल्यांनी गेल्या वर्षी सुरतेचा माल एकत्र घेतला. रोख दिल्याने भाव तुटला, गाडीभाडे वाटले गेले. डिझाइन कोणी कोणते घ्यायचे यावरून मात्र भांडण झाले आणि दोघे बाहेर पडले. उरलेल्या पाच जणांनी चिठ्ठ्या टाकण्याचा दस्तूर ठरवला. आता बरे चालले आहे.

दुसरी, उधारीची शिस्त. उधारी द्या, पण तिला मर्यादा आणि तारीख असावी. आम्ही एकूण मालाच्या चौथ्या हिश्श्याच्या वर उधार जाऊ देत नाही. आणि घेणे-देणे लिहून ठेवणे हा अविश्वास नाही. आपल्याला तर लिहून ठेवण्याचीच ताकीद आहे.

तिसरी, कायद्याचा आधार. आपले मागवाले उद्यम नोंदणी करत नाहीत, ही मोठी चूक आहे. 2006 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. आयकराच्या नव्या तरतुदीप्रमाणे, 1 एप्रिल 2024 पासून सुरू झालेल्या कर निर्धारण वर्षापासून, ही मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. हा फायदा उत्पादकाला आहे, निव्वळ व्यापाऱ्याला नाही. पण मागवाल्याचे पैसे वेळेवर आले, तर ते पगार, भिस्सी आणि किराणा असे फिरत आपल्या गल्ल्यातच येतात.

चौथी, ऑनलाइनची भीती सोडून त्याची मोजमापे शिका. 1 ऑक्टोबर 2023 पासून कंपोझिशन योजनेतील छोट्या दुकानदारालाही आपल्या राज्यात ऑनलाइन विक्रीची मुभा आहे. ज्यांची मुले गोदामात कामाला आहेत, त्यांनी मुलांना विचारावे: माल कसा मोजतात, कसा लावतात, पडून राहिलेला माल कसा ओळखतात. ते शिक्षण दारात आले आहे आणि पगारासह मिळते आहे.

सगळी दुकाने वाचतील, असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. जिथे भाव मनात येईल तसा सांगितला जातो, जिथे बदलून द्यायला नकार मिळतो, जिथे ग्राहकाशी नीट बोलले जात नाही, ती दुकाने सुपरमार्केट नसते तरी बंद पडली असती. आम्ही आमच्या दुकानात आता प्रत्येक थानाला भावाची चिठ्ठी लावली आहे. घासाघीस बंद, आणि सात दिवसांत बदलून देतो.

त्या आपा बकरी ईदच्या आधी परत आल्या. मोबाइलवरून मागवलेला सूट धुतल्यावर आटला होता आणि परत करायची मुदत संपली होती. आम्ही कमीपणा दाखवला नाही, खुश होऊन बोललोही नाही. कापड पाण्यात घालून, वाळवून, मापून दाखवले. त्यांनी दोन सूट घेतले आणि चिठ्ठीवरचा भाव न बोलता दिला. पुढच्या ईदला त्या येतील की नाही, ते आमच्या पुढच्या मालावर ठरेल.

चाचांचा गाळा अजून रिकामा आहे. आम्ही पाच जणांनी मिळून तो भाड्याने घेण्याचे बोलणे चालवले आहे. धान्य, तेल, साखर एकत्र आणायचे, चाचांनी गल्ल्यावर बसायचे, आणि आमची पाचही घरे महिन्याचा बाजार तिथूनच रोखीने भरतील, ही पहिली अट आहे.