टीव्हीतला सारस केवढा?

टीव्हीवर पक्ष्यांचा कार्यक्रम लागला आणि त्यात सारस दिसला, तर पळत जा आणि तो वितीनं मोजा. एक वीत? दीड? आईच्या मोबाइलवर तर करंगळीएवढाही भरणार नाही.

आता गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या पोराला विचारा, सारस केवढा असतो? तो हात थेट डोक्याच्या वर नेईल. महाराष्ट्रात सारस बघायचा तर याच भागात यावं लागतं. पावसाळ्यात धानाची रोवणी झाली, की बांधीतल्या चिखलपाण्यात लाल डोक्याची राखाडी जोडी फिरताना दिसते. (तुमच्या पुस्तकात ‘भाताचं खाचर’ असेल. इकडे त्याला बांधी म्हणतात, आणि भाताला धान.) उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यात उंच हाच.

मजा बघा. टीव्हीवरचा वीतभर सारस बघून तुम्हाला तो चिमणीच्या भावंडातला वाटत नाही. शेजारी धान दिसतं, बैल दिसतो, आणि डोकं झटकन हिशेब करून टाकतं. हा हिशेब तुम्ही शिकलात कधी? आठवणार नाही, कारण तेव्हा तुम्ही फार लहान होतात.

घरात रांगतं बाळ असेल तर नीट लक्ष ठेवा. शास्त्रज्ञांनी नऊ महिन्यांच्या बाळांना पडद्यावर खेळणी दाखवली, तर बाळं पडद्यावर थापा मारायला लागली, खेळणं चिमटीत धरायला बघायला लागली! दीड वर्षाच्या पुढची मुलं मात्र असं फारसं करत नाहीत. ती नुसतं बोट दाखवतात. त्यांना कळलेलं असतं, की हे आतलं आहे, हाताला लागणार नाही.

म्हणजे झाली का शहाणी? थांबा.

1998 मध्ये जॉर्जीन ट्रोसेथ आणि ज्युडी डिलोच या दोन अमेरिकी संशोधकांनी दोन वर्षांच्या मुलांशी लपाछपी खेळली. लपायचं होतं एका खेळण्यानं. काही मुलांनी खेळणं लपवताना खिडकीतून पाहिलं, काहींनी तेच टीव्हीवर पाहिलं. मग सांगितलं, जा, शोध. खिडकीवाली गेली आणि घेऊन आली. टीव्हीवाल्यांतली बरीच खोलीत जाऊन गोंधळून गेली. डोळ्यांना दिसलं तेच होतं! पण पडद्यावर दिसतं त्याचा या खोलीशी काही संबंध असतो, हे त्यांच्या डोक्यात बसलेलंच नव्हतं. अडीच वर्षांच्या मुलांना मात्र बऱ्यापैकी जमलं. सहा महिन्यांत एवढा फरक!

पुढचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. 2006 मध्ये ट्रोसेथबाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी टीव्हीतल्या बाईंना मुलांशी खरोखर बोलायला लावलं, आपण व्हिडिओ कॉलवर बोलतो तसं. नाव घेऊन हाक मारायची, प्रश्न विचारायचा, उत्तराची वाट बघायची. मग सांगायचं, खेळणं अमुक ठिकाणी आहे. आणि काय, दोन वर्षांच्या मुलांनाही ते सापडायला लागलं. पडदा तोच होता. फक्त पलीकडचं माणूस आता ऐकत होतं.

भाषेचंही तसंच. पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी ऐकवली. काहींच्या समोर बसून माणसं चिनीतून बोलली, खेळली. काहींना तीच माणसं तेच बोलताना टीव्हीवर दाखवली. पहिल्या बाळांचे कान चिनीतले बारीक फरक ओळखायला लागले. दुसऱ्यांच्या कानांत जणू काही गेलंच नाही.

म्हणून गोंदियातली बाळं आजीच्या मांडीवर झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी शिकतात. टीव्ही दिवसभर हिंदी बोलत असला, तरी बाळाचं पहिलं ऐकणं आजीचं. बाळ ‘बू’ म्हणालं तर आजी थांबते, हसते, उलट काहीतरी म्हणते. टीव्ही पुढच्या जाहिरातीकडे निघून गेलेला असतो. एक वर्षाच्या आतल्या बाळांना पडद्यापुढे बसवूच नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं. (हे घरातल्या मोठ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.)

मग टीव्ही नुसता डब्बाच का? छे! तुम्ही काही दोन वर्षांचे नाही, तुम्हाला टीव्हीवरूनही शिकता येतं. गोंदियाहून हावड्याच्या गाडीत बसलात, की डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि मग रायपूर येतं. त्या रायपूरकडच्या खेड्यांत 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर थेट उपग्रहावरून टीव्ही दिसत होता! सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत हा ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. उपग्रह होता अमेरिकेचा, कार्यक्रम आपले. ते कार्यक्रम पकडायला दहा फुटांची छत्री, आणि ती चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. वर्ष संपलं आणि अमेरिकेनं उपग्रह परत नेला.

आणि कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हाची ‘टिलीमिली’ मालिका आठवते? नाही तर दादाला, ताईला विचारा. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ती लागायची. ती मुलांना नुसतं बघत बसू देत नव्हती. घरातलं, अंगणातलं काहीतरी आणा आणि करून बघा, असं तिचं काम. टीव्हीनं शिकवायची हीच रीत मला पटते. थोडं दाखवा आणि उठवा.

तेव्हा आता उठा. खडू आणि मोजपट्टी घ्या. दाराच्या चौकटीवर जमिनीपासून सहा फुटांवर रेघ मारा, आणि तिच्याशेजारी उभे राहा. मोठा सारस तिथवर पोचतो.